चेहरा दिसत नाही, चौकट दिसते: मॅक्युलाचा आजार समजून घेताना

या ओळीतल्या एखाद्या शब्दावर नजर रोखा आणि डोळा जराही न हलवता त्याच ओळीतला चौथा-पाचवा शब्द वाचून पाहा. तिथे काहीतरी लिहिलंय एवढं कळतं, पण अक्षरं लागत नाहीत. आपल्याला वाटत असतं की समोरचं सगळंच लख्ख दिसतंय. प्रत्यक्षात कोणत्याही एका क्षणी लख्ख दिसणारा भाग हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या नखापेक्षा फारसा मोठा नसतो. डोळा सतत इकडून तिकडे फिरत राहतो, मेंदू ते तुकडे जोडतो आणि अख्खं चित्र पाहिल्याचा भास होतो.

हे लख्ख दिसण्याचं काम डोळ्याच्या पडद्याचा, म्हणजे रेटिनाचा, अगदी मधला भाग करतो. त्याला मॅक्युला म्हणतात. व्यास साधारण साडेपाच मिलिमीटर. त्याच्याही मधोमध दीड मिलिमीटरचा एक खळगा असतो, तो फोविया. वाचणं, सुईत दोरा ओवणं, चेहरा ओळखणं, रंगांतला बारीक फरक कळणं, या सगळ्याची भिस्त एवढ्याशा जागेवर. उरलेला पडदा कडेचं बघतो: कोण आलं, काय हललं, पायरी कुठे आहे. त्यामुळे मॅक्युला बिघडला की समोर उभ्या माणसाचा चेहरा दिसत नाही, पण त्याच्या मागची दाराची चौकट दिसते.

घरच्यांना हे कोडं वाटतं. ‘जमिनीवर पडलेलं बटण बरोबर सापडतं, आणि समोर उभा असलेला मी दिसत नाही?’ असा सूर लागतो. बाहेरच्यांना वाटतं, हल्ली ओळख दाखवत नाहीत, शिष्टपणा आलाय. दोन्ही आरोप चुकीचे आहेत. बटण कडेच्या नजरेने दिसतं. चेहरा ओळखायला मधली नजर लागते, आणि तीच गेलेली असते.

मॅक्युला बिघडण्याची कारणं बरीच आहेत. पन्नाशीनंतर, आणि वय वाढेल तसा अधिकाधिक प्रमाणात दिसणारा प्रकार म्हणजे वयोमानाने होणारा मॅक्युलाचा ऱ्हास. डॉक्टरांच्या कागदावर तो ‘एएमडी’ या तीन अक्षरांत येतो. २०२० साली जगात सुमारे १९.६ कोटी लोकांना तो असावा आणि २०४० पर्यंत हा आकडा २८.८ कोटींवर जाईल, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. हा लेख मुख्यतः त्याच्याबद्दल आहे.

पडद्याखाली काय घडतं

पडद्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या पेशी दोन प्रकारच्या. रॉड पेशी अंधुक उजेडात कामाला येतात, त्या सुमारे १२ कोटी. कोन पेशी रंग आणि बारकावे टिपतात, त्या सुमारे ६० लाख, आणि फोवियात त्यांची सगळ्यात जास्त दाटी. या पेशींची टोकं रोज झिजतात. साधारण दहावा हिस्सा दररोज गळून पडतो आणि तेवढाच नवा तयार होतो. गळलेला भाग गिळून पचवायचं काम पेशींच्या खालचा एक पातळ, रंगद्रव्याने भरलेला थर करतो. पेशींना पोषण पोचवायचंही त्याच्याकडेच. घरात स्वयंपाक आणि भांडी दोन्ही एकाच माणसावर पडावीत, तशी या थराची अवस्था. आणि सुट्टी नाही.

वय वाढतं तसा हा थर थकतो. न पचलेला कचरा त्याच्या खाली साठू लागतो आणि पिवळट ठिपके तयार होतात. त्यांना ड्रुसेन म्हणतात. तपासणीच्या कागदावर हा शब्द पाहून पुष्कळांचा धीर सुटतो, म्हणून इथे थोडं थांबतो. ६३ मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लहान, मोजके ड्रुसेन उतारवयात सर्रास दिसतात आणि तेवढ्यावरून आजार ठरत नाही. ६३ ते १२५ मायक्रॉनचे ठिपके असले तर आजाराची सुरुवात म्हणतात. १२५ च्या वरचे मोठे ठिपके असले किंवा रंगद्रव्याच्या थरात बदल दिसू लागले, तर मधली पायरी. या दोन्ही पायऱ्यांवर नजर बऱ्याचदा चांगली असते. फार तर उजेडातून अंधाऱ्या खोलीत गेल्यावर डोळा सरावायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागतो, किंवा वाचायला दिवा अजून जवळ घ्यावासा वाटतो. त्यामुळे तुमच्या कागदावर ड्रुसेन लिहिलं असेल तर पहिला प्रश्न विचारायचा तो हा: आकार केवढा आणि मी कोणत्या पायरीवर आहे?

यापुढे आजार दोन वाटांनी जातो.

पहिली वाट कोरड्या प्रकाराची. दहातले साधारण नऊ रुग्ण याच प्रकारचे. यात पेशी हळूहळू, काही वर्षांच्या हिशोबाने मरत जातात आणि शेवटच्या पायरीवर मॅक्युलात ठिकठिकाणी पेशीच नसलेले पट्टे पडतात. हे पट्टे कित्येकदा फोवियाच्या भोवती आधी येतात आणि मधलं एक छोटं बेट शाबूत राहतं. मग होतं असं की तक्त्यावरची बारीक अक्षरं माणूस एकेक करून वाचून दाखवतो, पण वर्तमानपत्रातला परिच्छेद काही वाचवत नाही, कारण पुढचा शब्द आणि पुढची ओळ खड्ड्यात पडते. ‘तक्ता तर बरा वाचताय’ हे वाक्य ऐकून असा माणूस हिरमुसून घरी येतो. त्याची तक्रार खरी असते. तक्त्याला ती मोजताच येत नाही.

दुसरी वाट ओल्या प्रकाराची. प्रमाणाने कमी, पण एएमडीमुळे नजर फार मोठ्या प्रमाणात गेलेल्यांत पूर्वापार जास्त वाटा याच प्रकाराचा. पडद्याखालचा भाग अडचणीत आला की व्हीईजीएफ नावाचं एक प्रथिन जास्त तयार होतं आणि ते नव्या रक्तवाहिन्यांना वाढायला सांगतं. या वाहिन्या कच्च्या असतात, नको तिथे घुसतात, पाझरतात, फुटतात. पडद्याखाली पाणी साठतं, कधी रक्त येतं. पडदा उचलला गेल्यामुळे सरळ रेषा वाकड्या दिसतात: विजेचा खांब कमरेत मोडल्यासारखा, खिडकीचे गज फुगल्यासारखे, लिहिलेली ओळ मध्येच खाली घसरल्यासारखी. वेळेत उपचार झाला नाही तर तिथे व्रण धरतो, आणि व्रण धरलेल्या जागेची नजर परत येत नाही. इथे हिशोब दिवसांचा असतो. सरळ रेषा अचानक वाकडी दिसू लागली तर पुढच्या महिन्यातल्या ठरलेल्या भेटीची वाट पाहायची नाही. त्याच आठवड्यात, शक्यतो एक-दोन दिवसांतच, पडद्याच्या डॉक्टरांना दाखवायचं.

कोरड्याचं ओल्यात रूपांतर होऊ शकतं. एका डोळ्यात ओला प्रकार झाला की दुसऱ्या डोळ्याचा धोकाही वाढतो.

आजार लपतो कसा

इतकं सगळं होऊनही लोक उशिरा का येतात? निष्काळजीपणा हे उत्तर सोपं आहे, पण मला ते पटत नाही. खरी अडचण अशी की दोन डोळे एकमेकांचं झाकून नेतात. एका डोळ्याची मधली नजर गेली तरी दुसरा सगळं काम ओढत राहतो, आणि दोन्ही डोळे उघडे असताना काही बिघडल्याचं जाणवत नाही. शिवाय मेंदू रिकामी जागा रिकामी दाखवत नाही, आजूबाजूच्या रंगाने आणि रेषांनी ती भरून टाकतो. त्यामुळे कित्येकांना डोळ्यांत काहीतरी गेलं म्हणून एक डोळा चोळताना योगायोगाने कळतं की दुसऱ्याने नीट दिसतच नाहीये. त्यातही पहिला विचार ‘नंबर वाढला’ असाच येतो. मग नवा चष्मा होतो, त्याने फरक पडत नाही, अजून थोडी वाट पाहिली जाते, आणि ओल्या प्रकारात तेवढ्यात व्रण धरायला सुरुवात झालेली असते.

यावर उपाय साधा आहे: एकेक डोळा वेगळा तपासायचा. स्वित्झर्लंडचे नेत्रतज्ज्ञ मार्क ॲम्सलर यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात यासाठी जाळीचा एक तक्ता रूढ केला. दहा सेंटिमीटरचा चौकोन, त्यात पाच-पाच मिलिमीटरच्या चौकटी आणि मधोमध एक ठिपका. वाचायचा चष्मा असेल तर तो लावायचा. इथे चूक होते ती हीच, चष्मा काढून पाहिलं की सगळंच धूसर दिसतं आणि तपासणी फुकट जाते. तक्ता नेहमीच्या वाचनाच्या अंतरावर, चांगल्या उजेडात धरायचा. एक डोळा तळहाताने झाकायचा, पण दाबायचा नाही. दाबला तर तो उघडल्यावर काही क्षण धूसरच दिसतं. आता उघड्या डोळ्याची नजर मधल्या ठिपक्यावर ठेवायची आणि ती न हलवता स्वतःला विचारायचं: ठिपका दिसतोय का? चारही कोपरे दिसतायत का? कुठली रेघ वाकडी, तुटक, पुसट आहे का? एखादी चौकट लहान-मोठी झालीय का? मग दुसरा डोळा. सगळं मिळून मिनिटभराचं काम. दिसलेला बदल त्याच कागदावर पेन्सिलीने काढून तारीख घालून ठेवली तर डॉक्टरांना फार उपयोग होतो.

तक्ता नसेल तर आखीव वही, फरशीच्या सांध्यांच्या रेषा किंवा दाराची चौकट चालते. ड्रुसेन सापडलेल्यांनी हे आठवड्यातून एकदा तरी करावं, मोठे ठिपके असतील तर रोज. तक्त्यात काही सापडलं नाही म्हणजे आजार नाही, असं मात्र नाही. सुरुवातीचं थोडंसं पाणी त्यातून निसटतं. म्हणून डॉक्टरांनी सांगितलेली तपासणी चुकवायची नाही.

प्रत्येक वाकडी रेघ एएमडीची नसते

मधुमेहात मॅक्युलाला सूज येते. पडद्याची शीर बंद पडून सूज येते. मॅक्युलाला छिद्र पडतं, त्यावर पातळ पापुद्रा येतो. लहान वयात मधली नजर जाऊ लागली तर स्टारगार्ट हा आनुवंशिक आजार शोधावा लागतो. आणि एक प्रकार तिशी ते पन्नाशीतल्या लोकांत, त्यातही पुरुषांत जास्त दिसतो. मॅक्युलाखाली पाण्याचा फुगा येतो, समोर करडा किंवा तपकिरी गोल दिसतो. त्याला सीएसआर म्हणतात. बऱ्याच जणांत तो तीन-चार महिन्यांत आपोआप ओसरतो. पण स्टिरॉइडने तो उद्भवू शकतो किंवा बळावू शकतो, गोळ्या असोत, इंजेक्शन असो, नाकातला फवारा असो की त्वचेवरचं मलम. म्हणून ‘मागच्या वेळी डोळ्याला हे थेंब दिले होते’ म्हणत उरलेली बाटली उघडायची नाही, त्यातही स्टिरॉइड असू शकतं. आणि दुसऱ्या आजारासाठी स्टिरॉइड चालू असेल तर तेही स्वतःच्या मनाने बंद करायचं नाही, दोन्ही डॉक्टरांना एकमेकांच्या औषधांची कल्पना द्यायची.

मोतीबिंदूत सगळं चित्रच धुरकट होतं, काचबिंदूत बहुधा कडेची नजर आधी जाते. मोतीबिंदू आणि एएमडी एकाच माणसाला असणंही नेहमीचंच. अशा वेळी मोतीबिंदू काढून फायदा होतो, पण मॅक्युलाचं नुकसान त्याने भरून येत नाही, हे शस्त्रक्रियेआधी स्पष्ट बोलून घेतलेलं बरं.

कोणाला होतो, कशाने होत नाही

वय हे सगळ्यात मोठं कारण. त्यानंतर घराणं: आई-वडील किंवा भावंडांना असेल तर धोका वाढतो. २००५ साली संशोधकांना सीएफएच नावाच्या जनुकातला एक बदल या आजाराशी निगडित असल्याचं सापडलं. हे जनुक शरीराच्या संरक्षक यंत्रणेला आवर घालण्याचं काम करतं, आणि तेव्हापासून एएमडीत दाहाचाही हात आहे हे मान्य झालं.

आपल्या हातात असलेलं सगळ्यात मोठं कारण म्हणजे धूम्रपान. ओढणाऱ्यांचा धोका न ओढणाऱ्यांच्या दुपटीपासून चौपटीपर्यंत जातो, आणि सोडल्यावर वर्षागणिक तो उतरत जातो. रक्तदाब आणि वजन ताब्यात असणं, हिरव्या पालेभाज्या आणि मासे आहारात असणं या गोष्टींची बाजूही मजबूत आहे.

जास्त वाचल्याने, टीव्ही पाहिल्याने, बारीक काम केल्याने मॅक्युला झिजत नाही. आजार झाल्यावरही डोळे ‘राखून’ वापरायची गरज नाही. वाचावंसं वाटतं तितकं वाचावं. मोबाइलच्या निळ्या प्रकाशाने एएमडी होतो याला पुरावा नाही, आणि तो अडवणाऱ्या चष्म्याने आजार टळतो यालाही नाही. दुकानदार काही म्हणो.

तपासण्या

बाहुली मोठी करायचे थेंब घातले जातात, त्याने पुढचे काही तास जवळचं धूसर दिसतं आणि उजेड बोचतो. सोबत कोणीतरी असावं, स्वतः गाडी चालवायची नाही.

मुख्य तपासणी ओसीटी. यंत्रासमोर हनुवटी टेकवायची, आतल्या खुणेकडे पाहायचं, डोळ्याला काही लागत नाही, काही मिनिटांत पडद्याचा उभा छेद कागदावर येतो. १९९१ साली हे तंत्र पहिल्यांदा प्रसिद्ध झालं आणि पडद्याच्या आजारांचं निदान पार बदलून गेलं. छेदात पडद्याखालचं पाणी काळ्या पोकळीसारखं दिसतं. दर भेटीला डॉक्टरांना तो छेद मागच्या छेदाशेजारी ठेवून दाखवायला सांगा. कुठे पाणी होतं आणि कुठे राहिलं, हे रुग्णालाही सहज कळतं.

काही वेळा हाताच्या शिरेतून पिवळा रंग देऊन डोळ्याच्या पडद्याची अँजिओग्राफी, म्हणजे तिथल्या रक्तवाहिन्यांचे फोटो, करतात. त्यानंतर दिवसभर त्वचा पिवळसर आणि लघवी गडद नारिंगी होते. आधी सांगितलेलं नसेल तर माणूस घाबरतो. काहींना मळमळतं, क्वचित ॲलर्जी येते, म्हणून जुनी ॲलर्जी असेल तर आधीच सांगावी.

डोळ्यात इंजेक्शन

ओल्या प्रकारावर पूर्वी लेझर होतं. त्याने गळणारी वाहिनी जळायची आणि तिच्यासोबत तिथली नजरही. २००० च्या सुमारास औषध शिरेतून देऊन थंड लेझर मारायची पद्धत आली, तिने ऱ्हास मंदावला, पण नजर सहसा सुधारली नाही. चित्र पालटलं ते व्हीईजीएफला अडवणारी औषधं थेट डोळ्यात देता येऊ लागल्यावर. २००६ साली राणिबिझुमॅबचा ‘मरिना’ अभ्यास प्रसिद्ध झाला. वर्षाअखेरीस औषध घेणाऱ्यांपैकी सुमारे ९५ टक्के लोकांची नजर टिकून होती, म्हणजे तक्त्यावरची पंधरा अक्षरंही गमावलेली नव्हती. औषध न मिळालेल्यांत हे प्रमाण ६२ टक्के होतं. आणि पूर्ण मात्रा मिळालेल्या गटात दर तिघांतल्या एकाने पंधरा किंवा जास्त अक्षरं कमावली. या आजारात नजर परत मिळणं ही तोवर जवळजवळ न ऐकलेली गोष्ट होती.

त्याच जातकुळीचं बेव्हासिझुमॅब हे मुळात कर्करोगाचं औषध. डोळ्यासाठी त्याची अधिकृत नोंद नसतानाही डॉक्टर ते वापरू लागले, कारण ते कितीतरी स्वस्त पडतं. अमेरिकेच्या सरकारी निधीतून दोन्ही औषधं समोरासमोर तपासली गेली आणि २०११ मध्ये निकाल आला: नजरेच्या बाबतीत दोन्ही सारखीच. पुढे अफ्लिबरसेप्ट, फॅरिसिमॅब अशी औषधं आली. त्यांचा मुख्य फायदा हा की अनेकांत दोन इंजेक्शनांमधलं अंतर वाढवता येतं. महागडं औषध म्हणजे चांगलं औषध, हा हिशोब इथे लागू पडत नाही. झेपणारं औषध वेळेवर घेतलेलं केव्हाही चांगलं.

‘डोळ्यात सुई’ म्हटल्यावर पोटात गोळा येतो, म्हणून प्रत्यक्षात काय होतं ते सांगतो. आधी डोळा बधिर करणारे थेंब घालतात. पापण्या आणि डोळा आयोडीनच्या द्रावणाने धुतात. पुष्कळांच्या मते सगळ्या प्रकारात जास्त चुरचुरतं ते हेच, पण जंतुसंसर्ग टाळायला त्याच्याइतकं महत्त्वाचं दुसरं काही नाही. पापण्या मिटू नयेत म्हणून एक लहान चिमटा लावतात. मग एका बाजूला पाहायला सांगतात आणि बुबुळाच्या कडेपासून साडेतीन-चार मिलिमीटरवर, पांढऱ्या भागात, अगदी बारीक सुई जाते. सुई समोरून येताना दिसत नाही. औषध ०.०५ मिलिलिटर, म्हणजे एक थेंब. दाब जाणवतो, आणि काही सेकंदांत संपतं. नंतर बोटं मोजायला लावतात. त्या दिवशी नजरेसमोर गोळे तरंगताना दिसू शकतात, पांढऱ्या भागात लाल डाग येतो आणि आठवडा-दोन आठवड्यांत जातो. हे सगळं चालतं.

न चालणारी गोष्ट एकच. इंजेक्शननंतरच्या काही दिवसांत दुखणं वाढत गेलं, लाली वाढली, उजेड सोसेना किंवा नजर उतरली, तर डोळ्याच्या आत जंतुसंसर्ग झालेला असू शकतो. काही हजार इंजेक्शनांमागे एखाद्या वेळी असं होतं, पण झालं तर तासांचा खेळ असतो. रात्र असो की सुट्टीचा दिवस, फोन करायचा.

सुरुवातीला साधारणतः महिन्याला एक अशी तीन इंजेक्शनं देतात. त्यानंतर ओसीटी पाहून अंतर दोन-दोन आठवड्यांनी वाढवत नेतात आणि पाणी पुन्हा दिसलं की कमी करतात. आणि इथेच उपचार बिघडतात. तीन इंजेक्शनं झाली, दिसायला लागलं, आता कशाला, म्हणून माणूस यायचा थांबतो. औषध व्हीईजीएफला काही आठवडे अडवतं, आजार मुळापासून काढत नाही. नियमित व्यवहारातले निकाल अभ्यासातल्या निकालांपेक्षा फिके का पडतात, याचं एक मोठं कारण लोकांना मिळालेली इंजेक्शनं कमी असतात हेच आहे. यात सगळा दोष रुग्णाचा असतो असं मला वाटत नाही. वयस्कर माणसाला सोबतीशिवाय जाता येत नाही, आणि पहिल्या दिवशीच ‘हे वर्षानुवर्षं चालू शकतं’ असं कोणी बसून सांगितलेलं नसतं. म्हणून पहिल्याच भेटीत विचारून घ्या: पहिल्या वर्षात साधारण किती वेळा यावं लागेल, दर खेपेला खर्च किती, स्वस्त पर्याय कोणता, आणि सोबत कोण येणार हे घरात ठरवा. नुकताच हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात होऊन गेला असेल तर तेही आधी सांगायला हवं.

कोरड्याला ‘काही नाही’ म्हणतात, ते अर्धंच खरं

गेलेल्या पेशी परत आणणारं औषध नाही, हे खरं. पण मधल्या पायरीवरच्या माणसासाठी गोळ्या आहेत आणि त्यांची नीट तपासणी झालेली आहे. अमेरिकेतल्या ‘एरेड्स’ या अभ्यासाने २००१ मध्ये दाखवलं की क आणि ई जीवनसत्त्व, बीटा कॅरोटीन, जस्त आणि तांबं ठरावीक मोठ्या मात्रेत घेतल्यास मधल्या पायरीवरून, किंवा एका डोळ्यात आजार शेवटच्या पायरीला गेला असल्यास दुसऱ्या डोळ्यात, तो पुढे सरकण्याचा धोका पाच वर्षांत सुमारे २५ टक्क्यांनी कमी होतो. बीटा कॅरोटीनने धूम्रपान करणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो, म्हणून २०१३ च्या दुसऱ्या अभ्यासानंतर त्याच्या जागी १० मिलिग्रॅम ल्युटीन आणि २ मिलिग्रॅम झियाझँथिन आलं. बाटलीवर हे आकडे ताडून पाहा. ‘डोळ्यांसाठी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कितीतरी गोळ्यांत मात्रा याच्या आसपासही नसते. आणि निरोगी डोळ्यांच्या माणसाने, किंवा अगदी पहिल्या पायरीवर, या गोळ्या घेऊन फायदा होतो असं दिसलेलं नाही. आईला दिल्या म्हणून मुलाने सुरू करायच्या नसतात.

शेवटच्या पायरीच्या कोरड्या प्रकारासाठी २०२३ मध्ये अमेरिकेत पेगसेटाकोप्लान आणि अव्हासिनकॅप्टाड पेगॉल या दोन इंजेक्शनांना मान्यता मिळाली. ती पट्ट्यांची वाढ मंदावतात, थांबवत नाहीत, गेलेली नजर आणत नाहीत, आणि ती घेताना ओला प्रकार उद्भवण्याचा धोका थोडा वाढतो. युरोपच्या औषध नियामकांनी २०२४ मध्ये पेगसेटाकोप्लानला मान्यतेची शिफारस नाकारली. एवढ्यावरून त्यांच्याबद्दल किती आशा धरायची, हे लक्षात यावं.

आणि स्टेम सेल. यावर काही रीतसर संशोधन चालू आहे, पण पैसे घेऊन ‘स्टेम सेल उपचार’ करणारी जागा हे संशोधन नव्हे. २०१७ साली अमेरिकेतल्या तीन एएमडी रुग्ण स्त्रियांची हकिकत वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. एका खासगी ठिकाणी त्यांच्या स्वतःच्या चरबीतून काढलेल्या पेशी एकाच दिवशी दोन्ही डोळ्यांत टोचल्या गेल्या, आणि तिघींचीही नजर कायमची, फार मोठ्या प्रमाणात गेली. दोन्ही डोळे एकाच दिवशी आणि वर संशोधनाच्या नावाखाली शुल्क, असं कोणी सांगितलं तर उठून यावं.

उरलेली नजर

एएमडी एकटा असेल तर पूर्ण अंधार येत नाही. कडेची नजर राहते, घरात वावरता येतं. आणि कडेची नजर थोडीफार शिकवता येते. मधला न दिसणारा भाग ज्या बाजूला सर्वांत कमी आड येतो ती बाजू शोधायची. घड्याळाच्या मध्यावर पाहायचं, मग नजर बाराच्या आकड्यावर, मग तीनवर, सहावर, नऊवर न्यायची आणि कुठे पाहिलं असता घड्याळाचा मधला भाग सगळ्यात स्पष्ट दिसतो ते टिपायचं. पुढे चेहरा पाहताना, शब्द वाचताना मुद्दाम त्याच बाजूला नजर ठेवायची. सुरुवातीला हे फार कृत्रिम वाटतं आणि समोरच्याला वाटतं की हा माणूस आपल्या कानाकडे का बघतोय. पण सरावाने जमतं, आणि अल्पदृष्टी तज्ज्ञाकडे शिकलं तर लवकर जमतं.

बाकी सगळं उजेड, ठळकपणा आणि आकार यांवर येतं. दिवा छताला असण्यापेक्षा खांद्यामागून थेट कागदावर पडणारा हवा. पायरीच्या कडेला गडद पट्टी, दुधाला गडद पेला, चहाला पांढरा कप. हातातल्या भिंगापेक्षा कागदावर ठेवायचं, आत दिवा असलेलं भिंग सोपं जातं, कारण हात हलत नाही. मोबाइलमधली अक्षरं मोठी करता येतात, कॅमेऱ्यातून मजकूर मोठा दिसतो, लिहिलेलं वाचूनही दाखवता येतं. घरच्यांनी एक सवय लावून घ्यावी: खोलीत येताना आपलं नाव घ्यायचं. ‘मी आलोय, ओळखलंत का?’ ही परीक्षा नको. गाडी चालवण्याचा निर्णय डॉक्टरांनी तपासून सांगितल्याप्रमाणे घ्यायचा. कडेचं चांगलं दिसतं म्हणून स्वतःच ठरवायचा नाही.

आणखी एका गोष्टीबद्दल बोलायला हवं, कारण ज्यांना ती होते ते सहसा बोलत नाहीत. मधली नजर गेलेल्या काही लोकांना नसलेल्या गोष्टी दिसू लागतात: भिंतीवर नक्षी, जाळ्या, फुलं, लहान आकाराची माणसं, कधी अनोळखी चेहरे. आवाज नसतो आणि हे खरं नाही, हेही माणसाला कळत असतं. १७६० साली स्विस निसर्गअभ्यासक शार्ल बोने यांनी आपल्या आजोबांना असं दिसत असल्याचं लिहून ठेवलं, म्हणून याला शार्ल बोने सिंड्रोम म्हणतात. डोळ्यांकडून येणारी माहिती कमी झाली की मेंदूचा पाहणारा भाग स्वतःच चित्रं तयार करतो. वेड लागल्याचं किंवा स्मृतिभ्रंशाचं हे लक्षण नाही, पण तेवढ्या भीतीने लोक घरातही सांगत नाहीत. चित्र दिसू लागलं की डोळे काही वेळा डावीकडून उजवीकडे भराभर फिरवणं, खोलीतला दिवा लावणं किंवा मालवणं, उठून जागा बदलणं याने अनेकदा ते जातं. बऱ्याच जणांत काही महिन्यांनी याचं प्रमाण आपोआप कमी होतं. मात्र सोबत आवाजही ऐकू येत असतील, किंवा दिसतंय ते खरंच आहे असं माणूस ठामपणे मानत असेल, तर कारण वेगळं असू शकतं आणि त्यासाठी डोळ्यांच्या डॉक्टरांबरोबरच मेंदूच्या किंवा मनोविकाराच्या डॉक्टरांनाही दाखवावं लागतं.